सहावी नळी

१

तीन दिवसांच्या बाळाच्या रक्तात जो जंतू वाढला होता, तो त्याच्या आईच्या अंगात नाही, असं लिहून देणाऱ्या कागदावर भिंगबाईंची सही होती.

सकाळचे पावणेआठ वाजले होते. भिंगबाई खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता उभ्या होत्या. एका हातात बाळाचा रिपोर्ट, दुसऱ्यात आईचा. दोन्ही वाचून झाले. चष्मा पुसून परत वाचले. अक्षरं तीच राहिली.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतूंचा विभाग त्या बावीस वर्षं सांभाळत होत्या. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, बाकी सगळीकडे भिंगबाई. साडी घेतानाही पर्समधून भिंग काढून धागा बघतात, ही त्यांच्या मुलीची जुनी तक्रार.

हा जंतू तसा गुपचूप राहणारा. चार-पाच बायकांमागे एकीच्या अंगात तो असतो आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. दुखणं नाही, खुपणं नाही. पण बाळंतपणाच्या वाटेत तो बाळाला लागला, तर ते बाळ एका रात्रीत निळं पडू शकतं. म्हणून छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक गरोदर बाईचा कापसाच्या काडीवर नमुना घ्यायचा. जंतू निघाला तर कळा सुरू झाल्याबरोबर शिरेतून पेनिसिलीन सुरू करायचं. एवढं केलं की बहुतेक बाळं वाचतात.

या आईचा रिपोर्ट होता 'जंतू आढळला नाही'. म्हणून तिला पेनिसिलीन दिलं नव्हतं. बाळ आता काचेच्या पेटीत होतं, नाकात नळी आणि हाताला सुई.

भिंगबाई मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. त्यांनी खुर्ची दाखवली, पण बाईंना बसवेना.

"कुठलीच तपासणी शंभर टक्के नसते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत," मोठे डॉक्टर म्हणाले. "शंभरात चार-पाच निसटतात. हे त्यातलं समजा आणि सोडून द्या."

"निसटलं असेल तर सोडून देते. पण आधी बघते."

"काय बघणार? तीन आठवडे झाले. प्लेटा केव्हाच जाळल्या असतील."

"प्लेटा जाळल्या," भिंगबाई म्हणाल्या. "फोटो नाही जाळले."

२

फोटो काढायचं काम जिराफाचं. हा विभागातला तंत्रज्ञ. सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून मान लांब झाली, असं तो स्वतःच सांगायचा, म्हणून पडलेलं नाव. चाळिशीला आलेला, हातात सफाई असलेला माणूस. आज मात्र त्याने दोनदा चुकीची फाईल उघडली.

"त्या गुरुवारी सहा जणी होत्या बाई. सहाही नमुने आपल्या नेहमीच्या खाद्यात रात्रभर उबेला ठेवले, मग दुसऱ्या दिवशी रक्ताच्या प्लेटवर उतरवले. सहापैकी दोन पॉझिटिव्ह. त्यात नवल काही नाही."

पडद्यावर सहा लाल चकत्या आल्या. तिसऱ्या आणि पाचव्या प्लेटवर करडे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. जंतू रक्त खातो तिथे असं कडं पडतं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्लेटवर नुसतेच ठिपके, कडं नाही. बिनकामाचे जंतू. ते असायचेच.

सहावी प्लेट त्या आजारी बाळाच्या आईची. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि बसायचं विसरून तशाच वाकून बघत राहिल्या. प्लेट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाल होती. नुसती लाल.

"हिच्यावर काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर निगेटिव्ह दिला."

"काहीच नाही म्हणजे निगेटिव्ह होत नाही रे. माणसाच्या अंगाला लागून आलेली काडी कधी कोरी असते का? आपलं खाद्य पुष्कळ जंतूंना दाबतं, पण सगळ्यांना नाही. काहीतरी उगवतंच. शेजारच्या प्लेटा बघ."

जिराफाने बघितलं. मग मान खाली घातली.

"खाद्य खराब निघालं असेल?"

"सहाही नळ्या एकाच दिवशी भरल्या. पाचांत वाढलं, सहावीत नाही?"

"नमुने आणायची पेटी उन्हात राहिली असेल. पेटीवाला वाटेत गप्पा मारत उभा राहतो."

"मग सहाही मेले असते."

जिराफाने सहावी प्लेट मोठी करून पाहिली. "बाईने आधीच काही गोळ्या घेतल्या असतील. मग होऊ शकतं."

"हो, तसं होऊ शकतं," भिंगबाई म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "ही प्लेट मी सही करण्याआधी पाहिली होती का?"

"तुमच्या टेबलावर फोटो होते, बाई. त्या दिवशी चाळीस रिपोर्ट होते."

म्हणजे पाहिली नव्हती.

३

बाळाची आई एका बेकरीत कामाला होती. पहाटे चारला उठायची सवय अजून सुटली नव्हती. पलंगाच्या कडेला बसून ती पायाने जमिनीवर ताल धरत होती आणि बाळांच्या विभागाच्या दाराकडे बघत होती. शेजारच्या स्टुलावर सासूबाई, हाताची घडी घालून.

"अंगात ताप, खोकला, दाढदुखी? तीन आठवड्यांपूर्वी तपासणीला आलात, तेव्हा काही गोळ्या घेतल्या होत्या?" भिंगबाईंनी विचारलं.

"नाही हो. डोकं दुखलं तरी घेत नव्हते. ह्यांनी घरात नियमच केला होता."

"नमुना घेतला होता का तुमचा? त्या गुरुवारी?"

"घेतला की. मी सगळ्यात शेवटी होते. पडदा लावला, सिस्टर म्हणाल्या अंग सैल सोडा. मला थोडं लाजल्यासारखं झालं तर म्हणाल्या, मला दिवसात दहा वेळा हेच बघायचं असतं, तुम्ही खिडकीकडे बघा. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर कोणीतरी सायकलचं चाक काढत होतं. चाक निघायच्या आधी माझं झालंसुद्धा."

सायकलच्या चाकासकट आठवण सांगणारी बाई खोटं बोलत नसते, असं भिंगबाईंना वाटलं. पण वाटण्यावर त्यांनी आजवर एकही रिपोर्ट दिला नव्हता.

"बाळाचं काय म्हणतात हो?" आईने विचारलं. "मला कोणी नीट सांगत नाही."

"औषध लागू पडतंय. आज रात्रीपर्यंत अजून कळेल."

आईने मान हलवली आणि पायाचा ताल परत सुरू झाला. भिंगबाई तिथून सरळ गरोदर बायकांच्या ओपीडीत गेल्या. तिथल्या सिस्टरने त्यांना दारात बघितलं आणि हातातला रबरी मोजा जमिनीवर पडला.

४

सिस्टर पन्नाशीच्या, कामाला वाघ, बोलायला तुसड्या. त्यांच्या टेबलावर लाकडी रॅक होता. त्यात आजच्या बायकांच्या नळ्या रांगेने उभ्या होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी आधीच चिकटवलेली. बाहेर बाकावर पहिली बाई अजून चपला काढत होती.

"सिस्टर, तीन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार. सहावी नळी."

सिस्टरनी पडदा ओढला. मोजा उचलला, बादलीत टाकला, हात धुतले, पुसले, परत धुतले.

"मला माहीत होतं तुम्ही याल," त्या म्हणाल्या. "तीन रात्री डोळ्याला डोळा नाही."

"काय झालं?"

"त्या दिवशी माझी जोडीदारीण रजेवर. मी एकटी. तपासणी, वजनं, रक्तदाब, हे नमुने, सगळं माझ्याच गळ्यात. शेवटी बघते तर नमुने पाचच घेतलेले आणि रॅकमध्ये एक नळी तशीच. त्या बेकरीवालीची. बाहेर जाऊन बघितलं, बाकावर कोणी नाही. पेटीवाला दारात उभा राहून घड्याळ दाखवत होता. त्याच आठवड्यात एक नमुना राहिला म्हणून मोठ्या डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं होतं."

"मग?"

"मग कोरी काडी नळीत घातली आणि झाकण लावलं." सिस्टरनी रॅक भिंतीकडे सरकवला. "म्हटलं पुढच्या गुरुवारी ती येईल तेव्हा गुपचूप परत घेईन. पण पुढचे दोन्ही गुरुवार ती आलीच नाही. मग तिचे दिवस लवकर भरले."

बाहेर बाकावरून कोणीतरी खोकलं.

"सिस्टर, नीट आठवा. बेकरीवालीचा नमुना तुम्ही घेतलाच नाही?"

"नाही घेतला. पाचच घेतले. बोटांवर मोजलेत मी, शंभर वेळा."

भिंगबाईंनी रॅककडे बघितलं. एक बाई शपथेवर सांगते माझा घेतला. दुसरी शपथेवर सांगते हिचा घेतला नाही.

५

अकरा वाजेपर्यंत ही गोष्ट मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेली. त्यांनी बेकरीवालीच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावून सांगितलं की तुमची बायको तपासणीला थांबलीच नव्हती, सिस्टरकडूनही चूक झाली, कारवाई होईल. नवरा वॉर्डात येऊन खिडकीशी उभा राहिला. बोलल्या त्या सासूबाई.

"दहा मिनिटं थांबता आलं नाही तुला. पोराच्या जिवापेक्षा घाई मोठी."

"मी थांबले होते आई. माझा घेतला होता."

"सिस्टर खोटं बोलून स्वतःची नोकरी घालवेल का?"

भिंगबाई दाराबाहेर होत्या. हे त्यांनी ऐकलं आणि पाऊल आत पडेना. सासूबाईंचा प्रश्न बरोबर होता. सिस्टर खोटं बोलत नव्हती. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारं खोटं कोण बोलेल?

त्या प्रयोगशाळेत परतल्या आणि दोन टेबलांमधल्या चिंचोळ्या जागेत येरझाऱ्या घालायला लागल्या. जिराफ पाय आखडून बसला.

"दोघीही खरं बोलत असतील तर?" बाई म्हणाल्या.

"कसं शक्य आहे? एक म्हणते घेतला, एक म्हणते नाही."

"सिस्टरला काय पक्कं माहीत आहे? पाच नमुने घेतले आणि नळी एक उरली. बस्स. त्या नळीवर बेकरीवालीचं नाव, म्हणून ती म्हणते बेकरीवाली राहिली. तिने चेहरा बघितलेला नाही. ती कोणाचाच चेहरा बघत नाही, 'पुढच्या या' म्हणते आणि रॅकमधली पुढची नळी उचलते. चिठ्ठ्या सकाळीच चिकटवलेल्या असतात. आज मी डोळ्यांनी पाहिलं."

जिराफाची मान हळूहळू वर आली.

"म्हणजे मधलीच कोणीतरी उठून गेली असेल तर..."

"तर तिच्या नळीत तिच्यामागचीचा नमुना गेला. त्या मागचीच्या नळीत अजून मागचीचा. शेवटपर्यंत सगळ्या एकेक घर सरकल्या. आणि उरली ती शेवटची नळी, कोरी."

जिराफाने की-बोर्ड ओढला. पॉझिटिव्ह निघालेल्या जंतूवर कोणती औषधं चालतात तेही विभागात बघून ठेवत. पाचवी नळी एका फुलवालीच्या नावाची होती. तिच्या नावावरच्या जंतूवर पेनिसिलीन चालत होतं, पण दुसऱ्या दोन औषधांना तो दाद देत नव्हता. जिराफाने शेजारी बाळाच्या रक्तातल्या जंतूचा आजचा कागद ठेवला. पेनिसिलीन चालतं. तीच दुसरी दोन चालत नाहीत.

"पाचवी नळी बेकरीवालीची," जिराफ म्हणाला. "बाई, तिचा रिपोर्ट पॉझिटिव्हच होता. फुलवालीला गेला."

"अजून पुरावा झाला नाही. असे जंतू दोघींकडेही असू शकतात. उठून गेलेली बाई सापडली पाहिजे." भिंगबाईंनी यादीवर बोट ठेवलं आणि ते तिसऱ्या ओळीवर येऊन थांबलं. त्यांचा चेहरा उतरला.

"जिराफ, पॉझिटिव्ह दोन होते."

६

यादी साधी होती. पहिली शाळेतली शिक्षिका. दुसरी शिवणकाम करणारी. तिसरी वकील, रिपोर्ट पॉझिटिव्ह. चौथी बसमध्ये कंडक्टर. पाचवी फुलवाली, पॉझिटिव्ह. सहावी बेकरीवाली.

नळ्या सरकल्या असतील तर वकीलबाईंच्या नावाचा जंतूही वकीलबाईंचा नव्हता. पण कुठून सरकल्या, ते कळल्याशिवाय तो कोणाचा ते कळणार नव्हतं. बाईंनी फोन उचलला.

शिक्षिका म्हणाली, पहिला नंबर माझाच होता, सिस्टरच्या हाताला गार लागलं म्हणून दचकले होते. तिचं ठीक होतं.

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मागे मशीनची घरघर चालली होती.

"तो काडीचा नमुना? तो कुठे दिला मी. बाकावर बसले होते, तेवढ्यात शाळेतून फोन आला, मोठी मुलगी जिन्यावरून पडली. तशीच रिक्षा करून पळाले. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले रिपोर्ट छान आहे. मला वाटलं लघवीचा असेल."

"तुमचं बाळंतपण झालं?"

"अजून आठ-दहा दिवस आहेत. का हो, काही बिघडलंय का?"

"काही नाही. फक्त आज संध्याकाळपर्यंत इकडे या. नमुना आज मी स्वतः घेणार आहे."

फोन ठेवून बाईंनी यादीवर बाण काढले. दुसरी उठून गेली. म्हणजे दुसरी नळी वकीलबाईंची. तिसरी, जंतू असलेली, कंडक्टरची. चौथी फुलवालीची. पाचवी, जंतू असलेली, बेकरीवालीची. वकीलबाई आणि फुलवाली मागच्याच आठवड्यात बाळंत झाल्या होत्या. दोघींना गरज नसताना पेनिसिलीन मिळालं होतं, त्याने काही बिघडलं नव्हतं.

राहिली कंडक्टर. तिच्या हातात निगेटिव्हचा कागद होता आणि तिची तारीख आजची होती.

तिचा फोन वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत बंद. जिराफाने बस डेपोचा नंबर शोधला. डेपोतला माणूस म्हणाला, ती रजेवर आहे, दुसऱ्या गावी बहिणीकडे गेली आहे, थांबा, बहिणीचा नंबर लिहिलेला आहे कुठेतरी. कुठेतरी म्हणजे कुठे, ते शोधायला त्याला सहा मिनिटं लागली. भिंगबाईंनी तेवढ्या वेळात पेनचं टोपण चावून चपटं केलं.

बहिणीने पहिल्याच घंटीला उचललं. "तिला आत घेतलंय. सकाळपासून कळा येताहेत."

"तिथल्या डॉक्टरांना फोन द्या. आत्ताच्या आत्ता."

चपलांचा आवाज, दार, कोणीतरी ओरडलं इथे फोन चालत नाही. मग एक तरुण डॉक्टरीण आली, कामातून उठवल्यासारखी.

"पेशंटला पेनिसिलीन सुरू करा," भिंगबाई म्हणाल्या. "तिच्या अंगात जंतू आहे. रिपोर्ट चुकलाय."

"मॅडम, तुम्ही कोण मला माहीत नाही. माझ्यासमोर फाईल आहे, रिपोर्ट निगेटिव्ह आहे. खाली त्या इस्पितळाच्या जंतूविभागाच्या प्रमुखांची सही आहे."

"ती सही माझी आहे. मीच बोलतेय. तो रिपोर्ट फाडून टाका."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. जिराफ उठून उभा राहिला होता.

"लेखी पाठवाल?" डॉक्टरीण म्हणाली.

"फोन चालू असतानाच पाठवते. तुम्ही सुई लावायला घ्या. तिला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का तेवढं विचारा. बाळ यायला किती वेळ आहे?"

"सांगता येत नाही. दुसरं बाळंतपण आहे, भराभर चाललंय."

औषध बाळापर्यंत नीट पोचायला चार तास लागतात. तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं कमी होती.

७

त्या दुपारी भिंगबाई कुठेच टेकल्या नाहीत. त्यांनी एक निवेदन लिहिलं. पहिलं वाक्य सिस्टरबद्दल नव्हतं. 'कोऱ्या प्लेटचा फोटो न बघता मी रिपोर्टवर सही केली,' असं ते होतं. त्याखाली जिराफाने स्वतःचं वाक्य घातलं. मग सिस्टर आल्या, वाचलं, खुर्चीत बसल्या आणि आपली हकिगत एका दमात लिहून काढली. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "मला वाटत होतं मी एकीचं वाटोळं केलं. इथे तर पाच जणींची अदलाबदल झालेली."

"त्यातली एक आपल्याला वेळेवर सापडली. तुम्ही कबूल केलंत म्हणून."

"माझी नोकरी?"

"ते मला माहीत नाही, सिस्टर. खोटं सांगणार नाही. पण चिठ्ठी बाईसमोर, तिला नाव विचारून लावायची, हे आजपासून सुरू. आणि दोन सिस्टर असल्याशिवाय ओपीडी उघडायची नाही, हेही मी लिहिलंय."

निवेदन घेऊन त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं की हे असंच द्यायचं का. "असंच," भिंगबाई म्हणाल्या. "आणि त्या बेकरीवालीच्या घरच्यांना तुम्ही जे सांगितलंत, ते तुम्हालाच परत घ्यावं लागेल. माझ्याबरोबर चला."

शिवणकाम करणाऱ्या बाई संध्याकाळी आल्या, कपड्यांना धागे चिकटलेले. भिंगबाईंनी आधी नाव विचारलं, मग त्यांच्यादेखत चिठ्ठी लावली, मग नमुना घेतला. त्याच वेळी भिंगबाईंच्या ॲप्रनच्या खिशातला फोन थरथरला. हातात काडी होती. ती नळीत जाऊन झाकण बसेपर्यंत त्यांनी फोन काढला नाही.

कंडक्टरच्या बहिणीचा निरोप होता. सव्वापाचला सुटका झाली. औषध चार तासांच्या वर मिळालं. बाळ मोठ्याने रडलं. दोन दिवस नजरेखाली ठेवणार आहेत, पण दूध पितंय.

भिंगबाई तिथेच भिंतीला टेकल्या. दिवसभरात पहिल्यांदा.

मग मोठ्या डॉक्टरांना घेऊन त्या वॉर्डात गेल्या. बेकरीवाली नुकतीच बाळाला बघून आली होती. त्याच्या नाकातली नळी काढली होती. नवरा पलंगाजवळ उभा होता, सासूबाई स्टुलावर. मोठ्या डॉक्टरांनी घसा साफ केला आणि सांगितलं. भरभर, पण काही न गाळता. तुम्ही थांबला होता. तुमचा नमुना घेतला होता. त्यात जंतू निघाला होता आणि तो कागद दुसरीच्या फाईलला लागला. अजून एकीचा कागद असाच चुकला होता. चूक आमची.

बेकरीवालीने आधी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई उठल्या, सुनेच्या पायांवरचं पांघरूण उगाच सारखं केलं आणि तिथेच पलंगाच्या कडेला तिला खेटून बसल्या.  सुनेने पाय सरकवून घेतले.

"रिपोर्टवर सही माझी होती," भिंगबाई म्हणाल्या. "मी नीट बघितलं असतं तर तुमचं बाळ आज तिथे नसतं. हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं."

बेकरीवालीने त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग होता. तो लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"त्याला पुढे काही राहील का?"

"बाळांचे डॉक्टर म्हणतात, बहुतेक नाही. ऐकू येतं का ते दोन-तीनदा तपासायचं. प्रत्येक वेळी मी बरोबर येईन."

"यायलाच पाहिजे तुम्हाला," ती म्हणाली. मग, "आणि ती दुसरी? जिचा कागद माझ्यासारखाच चुकला होता?"

"आज संध्याकाळी बाळंत झाली. दोघंही बरी आहेत."

"काय झालं तिला? मुलगा की मुलगी?"

भिंगबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून एवढे फोन झाले, हे एक विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि पलंगावर तिच्या शेजारी जागा करून बसल्या.